दातातून तलवार: ब्रिटिश आर्मी डेंटल कोअरच्या ड्रॅगनवाल्या बॅजबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी पितळी कुलपं, गंजलेले पाने आणि फुटक्या घड्याळांच्या ढिगात मला एक बिल्ला सापडला, वर मुकुट, भोवती पानांची माळ आणि मधोमध एक ड्रॅगनचं मुंडकं, तोंडात तलवार धरलेलं. विकणारे काका म्हणाले "राजाच्या फौजेचा आहे, घेऊन टाका". घरी येऊन शोधलं तर कळलं की ही फौज म्हणजे दातांच्या डॉक्टरांची! तेव्हापासून तो बॅज ज्याला दाखवला त्याने साधारण हेच प्रश्न विचारले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

हा बॅज नक्की कोणाचा?

रॉयल आर्मी डेंटल कोअरचा, म्हणजे ब्रिटिश लष्करातल्या दंतवैद्यांच्या विभागाचा. ४ जानेवारी १९२१ ला ती 'आर्मी डेंटल कोअर' नावाने सुरू झाली, दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये तिला 'रॉयल' ही पदवी मिळाली आणि हा ड्रॅगन त्यानंतरच्या काळातला. त्याआधीच्या बॅजवर नुसती कोअरच्या नावाची अक्षरं एकमेकांत गुंफलेली, भोवती माळ आणि वर मुकुट, दिसायला ठीकठाक पण बघून कोणाला काही प्रश्न पडावा असं त्यात काही नव्हतं. १५ नोव्हेंबर २०२४ ला ही कोअर, मेडिकल कोअर आणि नर्सिंग कोअर अशा तिघी मिळून रॉयल आर्मी मेडिकल सर्व्हिस झाल्या. त्यामुळे हा ड्रॅगन आता रिटायर झालाय असं म्हणायला हरकत नाही.

दातांच्या डॉक्टरांचा बॅज आहे तर त्यावर दात का नाही? निदान एखादी दाढ तरी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. आणि माझ्या मते या बॅजची सगळी गंमत याच्या उत्तरात आहे.

विचार करा, टोपीवर एक पांढरी दाढ लावून परेडला उभं राहिलेलं कसं दिसेल? आपल्याकडे गल्लोगल्ली डेंटल क्लिनिकच्या पाटीवर हसणारी दाढ असते, हातात ब्रश, डोळे मिचकावतेय, तिला कोण सॅल्यूट मारणार. ज्यांनी हा बॅज ठरवला त्यांना दात तर दाखवायचा होता पण दाढ काढायची नव्हती (काढणं हे त्यांचं रोजचं काम असलं तरी). मग त्यांनी काय केलं, तर अशी एक गोष्ट घेतली की जिच्यात दात आणि सैनिक हे दोन्ही मुळातूनच जोडलेले आहेत, आणि त्या गोष्टीतला प्राणी बॅजवर बसवला. दात आहेतच, ड्रॅगनच्या जबड्यात आहेत, आणि त्याच दातांनी तलवार धरलीय. गोष्ट माहीत असेल त्यालाच ते लागतं, बाकीच्यांना वाटतं काहीतरी भयंकर आहे बुवा. दोन्ही बाजूंनी फायदाच.

कुठली गोष्ट?

ग्रीक पुराणातली, कॅडमसची. थोडी सविस्तर सांगतो कारण तिच्याशिवाय बॅज कळत नाही.

कॅडमस हा फिनिशियाचा राजपुत्र. त्याची बहीण युरोपा, तिला झ्यूसने बैलाचं रूप घेऊन पळवलं, बापाने मुलाला सांगितलं जा आणि शोधून आण. बहीण काही सापडली नाही. डेल्फीला जाऊन देवाचा कौल घेतला तर उत्तर आलं की तो नाद सोड, एक गाय दिसेल तिच्या मागे जा, ती जिथे दमून बसेल तिथे नगर वसव. गाय बसली ग्रीसमधल्या बिओशियात. आता गाय देवाला द्यायची तर पाणी हवं, माणसं झऱ्यावर पाठवली, आणि त्या झऱ्यावर पहाऱ्याला होता युद्धदेव एरिसचा ड्रॅगन. माणसं मेली. कॅडमसने ड्रॅगनला मारलं. तेव्हा अथेना देवी प्रकटली आणि म्हणाली याचे दात उपट आणि नांगरलेल्या जमिनीत पेर.

पेरले. आणि जमिनीतून उगवले शस्त्र घेतलेले, चिलखत घातलेले सैनिक! कॅडमस घाबरला, त्याने त्यांच्यात एक दगड भिरकावला, प्रत्येकाला वाटलं शेजाऱ्यानेच मारला, झाली मारामारी. शेवटी पाच जण उरले, त्यांना ग्रीकमध्ये 'स्पार्तोई' म्हणजे पेरलेले म्हणतात, आणि त्या पाच जणांना हाताशी धरून कॅडमसने थीब्ज नगर वसवलं.

म्हणजे दात पेरले आणि फौज उगवली. दंतवैद्यांच्या फौजेला याच्याहून चांगली गोष्ट शोधून सापडली नसती, कोणाच्या डोक्यात पहिल्यांदा आली त्याला मी मनातल्या मनात दाद देतो.

पण गोष्टीत तर ते सैनिक एकमेकांनाच मारतात, हे जरा अपशकुनी नाही का?

खरंय. पण लष्करी चिन्हांमध्ये पुराणातली गोष्ट अख्खी कधीच घेत नाहीत, एक तुकडा उचलतात. इथे उचललेला तुकडा एवढाच की दातातून योद्धा. दगडाची भानगड बॅजवर नाहीये.

ब्रीदवाक्य काय आहे आणि म्हणायचं कसं?

'एक्स डेंटिबस एन्सिस'. लॅटिन आहे. अर्थ: दातांतून तलवार.

इथे जरा थांबा, कारण मराठी माणसाला यात जी मजा येईल ती बऱ्याच इंग्रजांनाही येत नसेल. 'डेंटिबस' मधला 'डेंट' म्हणजे आपला दंत, एकच मूळ, हे सहज ऐकू येतं. पण 'एन्सिस' पण आपलाच आहे! संस्कृतात तलवारीला 'असि' म्हणतात, मराठीत तो शब्द 'असिधाराव्रत' मध्ये अजून जिवंत आहे, तलवारीच्या धारेवर चालण्यासारखं व्रत ते. लॅटिन 'एन्सिस' आणि संस्कृत 'असिस्', सख्खे चुलत भाऊ. लॅटिनमध्ये जिथे 'एन' येतं तिथे संस्कृतात कधी कधी नुसता 'अ' राहतो, शंभरचंच बघा, त्यांचं 'सेंटम' आणि आपलं 'शतम्'. आणि 'डेंटिबस' च्या शेपटीला जो 'बस' लागलाय तो शाळेत पाठ केलेल्या पंचमीच्या अनेकवचनातला 'भ्यः' आहे. देवेभ्यः, रामेभ्यः, तसं दन्तेभ्यः.

म्हणजे अख्खं ब्रीदवाक्य संस्कृतात करायचं तर 'दन्तेभ्यः असिः', संधी करून 'दन्तेभ्योऽसिः'. भाषांतर सुद्धा म्हणता येणार नाही याला, शब्द तेच आहेत, फक्त हजारो वर्षं वेगवेगळ्या घरात वाढले. मला हे कळलं त्या दिवशी मी शाळेतल्या संस्कृतच्या बाईंची मनापासून माफी मागितली.

रोजच्या लॅटिनमध्ये तलवारीला 'ग्लॅडियस' हा शब्द जास्त चालायचा, 'एन्सिस' कवितेतला. आपण बोलताना तलवार म्हणतो आणि पोवाड्यात समशेर म्हणतो तसंच काहीसं.

दात आणि लढाईचा खरोखर काही संबंध आहे का, का नुसती शब्दांची कसरत?

आहे आणि चांगलाच आहे.

जुन्या बंदुकांमध्ये दारू आणि गोळी कागदाच्या पुडीत यायची, तिला काडतूस म्हणायचे, आणि ती पुडी दातांनी फोडायची, मग दारू नळीत ओतायची. पुढचे दात नसले तर शिपाई निकामी. हे आपल्याला वेगळं सांगायला नकोच, १८५७ चा भडका ज्या काडतुसांवरून उडाला ती दातांनी तोडावी लागत हाच तर मुद्दा होता, त्यावर चरबी कसली लावलीय म्हणून. पुढे धातूची काडतुसं आली, बंदूक मागून भरायला लागले आणि ही अट गेली. पण दातांची गरज गेली नाही कारण शिपायाला खायला काय द्यायचे तर दगडासारखं बिस्कीट आणि खारवलेलं मांस.

१८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेत हे फारच अंगाशी आलं. दातांमुळे लढायला नालायक ठरलेल्या, परत पाठवाव्या लागलेल्या शिपायांची संख्या हजारांत गेली. लंडनच्या गाईज हॉस्पिटलचे फ्रेडरिक न्यूलँड-पेडली नावाचे दंतवैद्य स्वतःच्या खर्चाने तिकडे गेले आणि शिपायांचे दात बघायला बसले, सरकारला जाग यायच्या आधी. तरीही १९१४ ला महायुद्ध सुरू झालं तेव्हा फ्रान्सला गेलेल्या सैन्याबरोबर एकही दंतवैद्य नव्हता! मग तो प्रसिद्ध किस्सा, फ्रान्समधल्या एन नदीवरच्या लढाईच्या वेळी ब्रिटिश जनरल हेग यांची दाढ ठणकायला लागली, आणि दंतवैद्य पॅरिसहून बोलवावा लागला. त्यानंतर मात्र भरती सुरू झाली. साहेबाची दाढ दुखली की फाईल हलते, हे जगभर सारखंच दिसतंय.

तर 'दातांतून तलवार' चा साधा अर्थ असा की ज्याला धड चावता येत नाही तो लढणार कसा. आपल्याकडे दातओठ खाऊन लढतात आणि हरले की दाती तृण धरतात, म्हणजे लढाईचे दोन्ही शेवट दातांशीच आहेत.

बॅजवरच्या बाकीच्या गोष्टींचा अर्थ काय?

माळ लॉरेलच्या पानांची, विजयाची खूण, रोमन काळापासूनची, ब्रिटिश बॅजवर ती इतक्या ठिकाणी असते की तिच्याकडे फार लक्ष देऊ नका. (लॉरेल म्हणजे मसालेभातातलं तमालपत्र नव्हे, ते दालचिनीच्या भावकीतलं. सुपरमार्केटात पास्त्याच्या शेजारी 'बे लीफ' मिळतं ते खरं लॉरेल.) मुकुट म्हणजे राजसत्ता, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय. आणि कोअरचा रंग हिरवा, इतका की तिच्या मार्चच्या धुनेचं नावच 'ग्रीन फेसिंग्ज', फेसिंग म्हणजे कोटाच्या कॉलर आणि कफवर वेगळ्या रंगाचं कापड असतं ते.

वैद्यकीय म्हटलं की साप असतो ना? इथे साप कुठाय?

नाहीये, आणि नसणं हेच मला आवडतं.

सापांचे दोन प्रकार आहेत आणि त्यात लोक नेहमी गोंधळतात. एक म्हणजे अस्क्लेपियसची काठी, साधी काठी आणि तिला गुंडाळलेला एकच साप, हा ग्रीकांचा वैद्यकीचा देव, ब्रिटिश मेडिकल कोअरच्या बॅजवर हाच होता आणि आपल्या आर्मी मेडिकल कोअरकडेही एकच साप आहे. दुसरा म्हणजे कॅड्यूसियस, दोन साप आणि वर पंख, ती हर्मीसची काठी, हर्मीस म्हणजे देवांचा निरोप्या, व्यापाऱ्यांचा आणि चोरांचाही देव. त्याचा वैद्यकीशी तसा संबंध नाही. पण अमेरिकन आर्मीने १९०२ मध्ये आपल्या वैद्यकीय खात्यासाठी हा दोन सापवाला घेतला आणि तिथून तो जगभर पसरला. आज आपल्याकडे गाडीच्या काचेवर डॉक्टर लोक जो स्टिकर लावतात त्यात निम्म्यांवर चोरांच्या देवाची काठी असते.

ब्रिटिश डेंटल कोअरने या सगळ्या सापांच्या भानगडीत न पडता थेट ड्रॅगन घेतला. म्हणजे मेडिकलवाल्यांचं चिन्ह घेऊन त्यावर एक अक्षर चिकटवलं असं केलं नाही.

असं अक्षर चिकटवणारे कोण आहेत?

अमेरिकन! त्यांची आर्मी डेंटल कोअर ३ मार्च १९११ ची, म्हणजे ब्रिटिशांच्या दहा वर्षं आधी. तिचं कॉलरवरचं चिन्ह म्हणजे सोनेरी कॅड्यूसियस आणि त्यावर काळ्या मीन्यात 'डी' अक्षर. नर्स असेल तर 'एन', प्राण्यांचा डॉक्टर असेल तर 'व्ही', आणि साधा डॉक्टर असेल तर काहीच नाही, नुसते साप. व्यवहारी कारभार आहे, लांबून बघून कोण काय ते कळतं, पण त्यात कविता नाही.

त्यांच्या नेव्हीचं मात्र मला आवडतं. नेव्हीची डेंटल कोअर २२ ऑगस्ट १९१२ ची. तिथे ओकच्या झाडाचं पान असतं. पानावर ओकचं एक फळ असेल तर मेडिकल, देठाच्या दोन्ही बाजूंना एक एक अशी दोन फळं असतील तर डेंटल, एकही नसेल तर नर्स. लक्षात ठेवायला सोपं, दोन फळं म्हणजे दोन दात समजायचं. ही युक्ती माझी आहे हं, नेव्हीची नाही.

कॅनडावाल्यांचा मामला अजून वेगळा. त्यांच्या डेंटल कोअरचं ब्रीद 'सॅनिटास इन ओरे', मुखात आरोग्य. हे एकदम टूथपेस्टच्या जाहिरातीसारखं वाटतं, पण यातला 'ओरे' म्हणजे तोंड, तोही आपल्या 'आस्य' चा नातेवाईक. माझं मत विचाराल तर ब्रिटिश पहिला, अमेरिकन नेव्ही दुसरी, बाकी सगळे नंतर.

बत्तीस पानं आणि वीस फळं असलेलं पण एक चिन्ह आहे ना?

आहे, पण ते लष्करी नाही. ते अमेरिकन डेंटल असोसिएशनने १९६५ मध्ये स्वीकारलेलं. एका फांदीला ३२ पानं आणि २० फळं, म्हणजे ३२ कायमचे दात आणि २० दुधाचे. मध्ये एक साप जखम डागायच्या जुन्या अरबी सळईला गुंडाळलेला, आणि भोवती दोन ग्रीक अक्षरं, ओमिक्रॉन म्हणजे गोल आणि डेल्टा म्हणजे त्रिकोण. ओमिक्रॉन हे 'ओदोंत' म्हणजे दात या शब्दाचं पहिलं अक्षर (यातही दंत ऐकू येतोय का बघा), डेल्टा म्हणजे डेंटलचा ड. रंग फिकट जांभळा, तो अमेरिकेतल्या दंतशास्त्राच्या कॉलेजांच्या संघटनेने १८९७ मध्येच ठरवलेला, म्हणून पदवीदान समारंभात त्यांच्या झग्याला ती जांभळी पट्टी असते.

चिन्ह छान आहे, हिशोब चोख आहे. पण टोपीवर दोन इंचात ३२ पानं कोण मोजणार?

ड्रॅगन म्हणजे वेल्सचा ना? का चीनचा?

ब्रिटिश बॅजवर ड्रॅगन दिसला की तो तीन-चार वेगवेगळ्या घरचा असू शकतो. वेल्सचा लाल ड्रॅगन वेगळा, तो वेल्श तुकड्यांचा. चीनचा ड्रॅगन वेगळा, पहिल्या अफूच्या युद्धात गेलेल्या रेजिमेंट्सना तो मानाची खूण म्हणून मिळाला, रॉयल बर्कशायर रेजिमेंटच्या बॅजवर तो होता. डेंटलचा ड्रॅगन ग्रीक, आणि ओळखायची खूण अगदी सोपी: फक्त मुंडकं आणि जबड्यात तलवार.

बॅज कुठल्या काळातला आहे ते कसं ओळखायचं?

मुकुट बघा. जुन्या बाजारात फिरणाऱ्यांना ही एक गोष्ट आली तरी पुष्कळ आहे.

सहाव्या जॉर्जपर्यंत जो मुकुट असायचा त्याला ट्यूडर मुकुट किंवा 'किंग्ज क्राउन' म्हणतात, त्याच्या कमानी वरच्या बाजूला गोल फुगलेल्या, घुमटासारख्या. दुसऱ्या एलिझाबेथच्या काळात सेंट एडवर्डचा मुकुट आला, 'क्वीन्स क्राउन', त्याच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या असतात, वर क्रॉसच्या जागी खड्डा पडल्यासारखं दिसतं. तिसरा चार्ल्स आल्यावर पुन्हा ट्यूडर.

आता डेंटलचं गणित करा: रॉयल मिळालं १९४६ ला, सहावा जॉर्ज गेला फेब्रुवारी १९५२ ला. म्हणजे ड्रॅगन आणि घुमटवाला मुकुट असे दोन्ही असलेले जुने बॅज अगदी थोड्या वर्षांतले, आणि दबलेल्या मुकुटाचे बॅज सत्तर वर्षांचे, म्हणून तेच जास्त सापडतात. माझाही तोच, काकांनी सांगितलेला 'राजाच्या फौजेचा' म्हणजे प्रत्यक्षात राणीच्या फौजेचा निघाला.

हा बॅज लावला म्हणजे रेड क्रॉससारखं संरक्षण मिळतं का?

नाही. ही गल्लत फार जण करतात. टोपीवरचा बॅज फक्त सांगतो तुम्ही कुठल्या कोअरचे. युद्धात गोळी न मारण्याचा जो आंतरराष्ट्रीय नियम आहे तो पांढऱ्यावर लाल क्रॉस, लाल चंद्रकोर अशा ठराविक खुणांना आहे, पहिला जिनिव्हा करार १८६४ चा. साप, ड्रॅगन, ओकची पानं, यांना त्या नियमात काही किंमत नाही.

याच्यावरून एक गोष्ट आठवली ती सांगतोच. कॅप्टन बेन सॅलोमन हे अमेरिकन आर्मीतले दंतवैद्य, ७ जुलै १९४४ ला सायपान बेटावर ते एका बटालियनचे सर्जन म्हणून काम बघत होते कारण आधीचे सर्जन जखमी झाले होते. जपानी सैनिक थेट तंबूत घुसले, तिथे जखमी माणसं पडलेली. सॅलोमननी जखमींना मागे पाठवलं आणि स्वतः मशीनगनवर बसले. नंतर सापडले तेव्हा त्यांच्या समोर ९८ शत्रूसैनिक मरून पडले होते. सर्वोच्च पदकाची शिफारस झाली पण अडली, का तर त्यांच्या दंडाला रेड क्रॉसची पट्टी होती, आणि ती बांधलेल्या माणसाने शस्त्र उचलायचं का हा वाद. स्वतःच्या आणि रुग्णांच्या बचावासाठी उचलता येतं असंच नियम सांगतो. पदक मिळालं २००२ मध्ये.

डेंटल कोअरचा माणूस आणि हातात शस्त्र, बॅजवरचा ड्रॅगन हेच तर दाखवतो, फक्त सॅलोमनच्या कॉलरवर ड्रॅगन नव्हता, 'डी' होता.

भारतात आर्मी डेंटल कोअर आहे का?

अर्थात आहे. तिचा स्थापना दिवस १ फेब्रुवारी, साल १९४१, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातच उभी राहिली. प्रजासत्ताक झाल्यावर भारतीय लष्कराच्या सगळ्याच बॅजवरचा मुकुट उतरला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. पुणेकरांसाठी सांगायचं तर एएफएमसीत म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात डेंटल सर्जरीचा विभाग आहे, आणि कॅन्टोन्मेंटच्या भागात राहिलेल्यांना 'एमडीसी' म्हणजे मिलिटरी डेंटल सेंटर ऐकून माहीत असतं.

खांद्यावर एडीसी लिहिलेलं असतं ते डेंटलवाले का?

बोलताना एडीसी म्हटलं की घोळ होतोच. आर्मी डेंटल कोअर पण एडीसी आणि राज्यपालांच्या मागे सोनेरी दोऱ्या लावून उभा असतो तो अधिकारी पण एडीसी, त्याचा पूर्ण शब्द फ्रेंच आहे, एद-द-काँ. सोनेरी दोऱ्या दिसल्या तर दाढ दाखवू नका.

आपल्या पुराणात अशी दातातून शस्त्र वगैरे गोष्ट आहे का?

दातातून लेखणी आहे! गणपतीने महाभारत लिहिताना स्वतःचा सुळा मोडून बोरू केला, म्हणून एकदंत. पण शस्त्राची गोष्ट हवी असेल तर दधीची ऋषी. वृत्रासुराला मारायला साध्या शस्त्राने जमेना, तेव्हा दधीचींनी देह ठेवला आणि त्यांच्या अस्थींचं इंद्राने वज्र केलं. कॅडमसकडे दातातून योद्धे, आपल्याकडे हाडातून वज्र.

आणि ते वज्र खरोखर एका लष्करी चिन्हावर आहे, साध्यासुध्या नाही, परमवीरचक्रावर. मध्ये राजमुद्रा आणि भोवती चार वज्रं. हे पदक डिझाईन केलं सावित्रीबाई खानोलकरांनी, जन्माने युरोपियन, लग्न केलं विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी आणि मग मराठी, संस्कृत, पुराणं इतकी शिकल्या की दधीची आपल्यापैकी कोणाच्या आधी त्यांना सुचले. मला तर हे पदक आणि तो डेंटलचा बॅज एकाच जातीचे वाटतात: पुराणातली एक गोष्ट घ्यायची, शरीराचा एक कठीण तुकडा घ्यायचा आणि तो शस्त्र होताना दाखवायचा, बाकी काही बोलायचं नाही.

आमच्या डेंटल कॉलेजच्या ग्रुपसाठी असा लोगो करायचाय, दाढ न काढता दात कसा दाखवायचा?

युरोपातल्या ढाल-चिन्हांच्या शास्त्रात यासाठी एक मस्त सोय आधीच आहे. ढालीचे दोन भाग करणारी रेघ सरळ न काढता करवतीसारखी काढली की तिला 'इंडेंटेड' म्हणतात, आणि हा शब्द लॅटिन 'डेन्स' म्हणजे दात यावरूनच आलाय. आपण मराठीत त्याच रेघेला 'दातेरी' म्हणतो! दातेरी कड, दातेरी चाक, करवतीचे दाते. म्हणजे ढालीच्या मधून एक दातेरी रेघ ओढली, वरचा आणि खालचा रंग वेगळा ठेवला, की मिटलेला जबडा झाला, ज्याला कळायचं त्याला कळेल. हत्तीचा सुळा चालेल, वाघनख नको, नख दात नसतं. रंग दोनच घ्या. आणि कृपा करून ब्रश हातात घेतलेली दाढ नको.

बॅज खरा आहे का नकली, आणि साफ कशाने करू?

पाठ बघा. ठशाने दाबून केलेल्या बॅजच्या मागे पुढच्याच आकाराची उलटी छाप खोल आणि स्वच्छ उमटलेली असते, ओतून केलेल्या नकलेची पाठ सपाट किंवा बारीक खड्ड्यांची असते आणि पुढे तलवारीच्या, पानांच्या कडा बोथट, मेणासारख्या. मागे टोपीत खोचायची लांब पट्टी किंवा दोन कड्या असतात.

साफ करायच्या आधी धातू बघा. पितळ आणि पांढरा धातू असेल तर हलक्या हाताने पुसायला हरकत नाही. पण १९५० नंतर 'स्टेब्राइट' आलं, म्हणजे अॅल्युमिनियमवर सोनेरी-चंदेरी रंग चढवलेला, शिपायाला रोज पॉलिश करत बसायला लागू नये म्हणून. तो रंग वरवरचा असतो, त्याला कोरडं मऊ फडकं सोडून काही लावायचं नाही, ब्रासो तर अजिबात नाही.

माझा बॅज मी बाजारातून आणला आणि ओट्यावर ठेवून अंघोळीला गेलो. आई देवाची भांडी घासत होती, तिला वाटलं हेही देवाचंच काहीतरी, कोणीतरी सिंह वगैरे असेल, म्हणून तिने त्यालाही चिंच लावली आणि काथ्याने खसाखसा घासलं. मुकुट आणि पानं आता पांढुरकी आहेत, सोनेरी फक्त खाचांमध्ये उरलंय, सगळ्यात जास्त ड्रॅगनच्या दातांमध्ये. आई म्हणाली एवढं घासलं तरी दात पिवळेच आहेत बघ याचे.